किनाऱ्यावरील सहा महिने

आपल्या कोकण किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते आणि मग होड्या पाण्यात लोटल्या जातात. तो सोहळा पाहावयास सारा गाव जमतो. परंतु त्यापूर्वीच्या पावसाळी दिवसांत कोळीवाड्यात काय चाललेले असते, ते पाहावयास कोणी जात नाही. कोणी ओटीवर बसून फाटलेले जाळे सांधीत असतो, कोणी होडीच्या फळ्या ठोकून पारखीत असतो, कोणी जुने दोर तपासून कमजोर भाग कापून टाकीत असतो. समुद्रावर जे घडते त्याची अर्धी तयारी अशी घरच्या ओटीवरच झालेली असते.

समुद्रप्रवासाच्या कथा वाचतानाही आपली हीच चूक होते. वादळे, देवमासे, उंच लाटा यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. प्रवास निघण्यापूर्वीची पाने मात्र भरभर उलटतो. आज आपण ती मागे राहिलेली पाने वाचणार आहोत. ही कथा एका कुटुंबाची आहे. त्यात वडील होते, आई होती आणि दोन मुले होती. त्यांच्याजवळ घर नव्हते, पैसा जवळजवळ नव्हता आणि नौकाही नव्हती. तरीही हजारो मैलांचा समुद्र ओलांडून त्यांना आपल्या देशी जावयाचे होते.

या कुटुंबाचे प्रमुख कप्तान जोशुआ स्लोकम. त्यांचा जन्म १८४४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. लहान वयातच ते समुद्रावर गेले आणि पुढे अमेरिकन जहाजांचे कप्तान झाले. त्या काळी पुष्कळ कप्तान आपला संसार जहाजावरच थाटीत. स्लोकम यांची मुलेही जहाजावरच वाढली. 'ॲक्विडनेक' हे शिडाचे गलबत त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. याच गलबतावर १८८४ साली त्यांच्या पहिल्या पत्नी व्हर्जिनिया यांचे निधन झाले. दोन वर्षांनी त्यांनी हेटी नावाच्या तरुणीशी विवाह केला. मधली दोन मुले अमेरिकेत नातलगांकडे राहिली. थोरला व्हिक्टर आणि धाकटा गारफील्ड आईवडिलांबरोबर गलबतावर आले.

१८८७ च्या डिसेंबरअखेर ॲक्विडनेक ब्राझील देशातील पारानाग्वा उपसागरात होते. त्यात इमारती लाकूड भरलेले होते. जोराच्या प्रवाहात आणि वाऱ्यात गलबत वळेना. ते वाळूच्या दांड्यावर जाऊन रुतले आणि तीन दिवस लाटांचे तडाखे खात राहिले. माणसे सर्व वाचली, पण गलबत निकामी झाले. त्याचा विमा उतरविलेला नव्हता. स्लोकम यांनी मोडके गलबत विकले आणि त्या पैशातून खलाशांचे वेतन चुकते केले. खलाशी आपापल्या मार्गाने गेले. किनाऱ्यावर उरली ती चार माणसे. कप्तानांचे वय त्रेचाळीस, हेटीबाईंचे पंचवीस, व्हिक्टर पंधरा वर्षांचा आणि गारफील्ड अवघा सहा वर्षांचा.

अशा वेळी मनुष्य काय करील? दुसऱ्यांपुढे हात पसरावा आणि कोणी दया येऊन घरी पोहोचवील याची वाट पाहावी, हा एक मार्ग होता. तो या कुटुंबास मान्य नव्हता. परक्या किनाऱ्यावर रिकामे बसून राहणे हेही त्यांना पटेना. त्यांनी प्रथम एकच गोष्ट केली. आपल्याजवळ काय गेले याचा शोक आवरून, काय उरले आहे ते त्यांनी मोजून पाहिले. होकायंत्र वाचले होते. समुद्राचे नकाशे भिजले होते, फाटले होते, परंतु वाचता येत होते. समुद्रावर आपले स्थान निश्चित करण्यास लागणारे अचूक घड्याळही शाबूत होते. दिशा, नकाशा आणि वेळ या तिन्ही गोष्टी हाताशी आहेत, मग उणीव फक्त नौकेची! ती आपणच बांधावी, असे स्लोकम यांनी ठरविले. पत्नीने आणि मुलांनी या बेतास संमती दिली.

नौका बांधावयाची म्हणजे हत्यारे हवीत. ती किती होती? एक कुऱ्हाड, एक वाकस, दोन करवती, भोके पाडण्याची लहानमोठी तीन गिरमिटे, बस्स! शिडे शिवण्याच्या दोन जाड दाभणांना धार लावून खिळ्यांसाठी बारीक भोके पाडण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले. मोठे भोक पाडावयाचे झाल्यास लोखंडी सळई तापवून लाकडात खुपसावी आणि भोक जाळून काढावे. बांबूच्या दोन कामट्या जोडून वर्तुळे काढण्याचा कंपास तयार झाला. सुतार फळीवर सूत मारतो, तेव्हा दोरीला रंग लावतो. येथे रंग कोठला? कोळसा पिठासारखा बारीक कुटून पाण्यात कालविला, की झाला रंग!

या सर्वांत मोलाची वस्तू होती एक कानस. लाटांबरोबर किनाऱ्यास लागलेल्या एका जुन्या पिशवीत ती सापडली. करवत बोथट झाली की तिला धार लावण्यास कानस हवी, आणि कानस तर एकच. म्हणून अत्यंत कठीण लाकडाला करवत लावावयाचीच नाही, ते कुऱ्हाडीने तासावयाचे, असा नियम त्यांनी केला. करवत वापरली असती तर श्रम वाचले असते, पण कानस झिजली असती. श्रम उद्या पुन्हा करता येतात; झिजलेली कानस पुन्हा मिळत नाही. जवळच्या वस्तूंपैकी कोणती परत मिळवता येईल आणि कोणती येणार नाही, हे ओळखणे हा काटकसरीचा पहिला धडा आहे.

लाकडाचा प्रश्न तितका अवघड नव्हता. फुटलेल्या गलबतात लाकूडच भरलेले होते. त्यातून जे मिळाले नाही, ते शेजारच्या अरण्यातील झाडे तोडून मिळविले. तळाला दगडासारखे जड व कठीण लाकूड वापरले आणि वरच्या बाजूंना हलके, लवचीक देवदारी जातीचे लाकूड लावले. यात शहाणपण होते. खाली भार असला म्हणजे नौका सहसा कलंडत नाही, आणि वर हलकेपणा असला म्हणजे ती लाटेबरोबर सहज उचलली जाते. फळ्या ठोकताना त्या घट्ट धरून ठेवण्यास शिकंजे लागतात. तेही नव्हते. मग पेरूच्या झाडाच्या वाकड्या फांद्या तोडून त्यांचे शिकंजे केले. आपल्या परसातील पेरूचे झाड मूळचे अमेरिका खंडातलेच. त्याच्या वेड्यावाकड्या फांदीकडे सरळ लाकूड शोधणारा मनुष्य पाहणारसुद्धा नाही. परंतु येथे तिचा वाकडेपणाच उपयोगी पडला.

आता खिळे. बाजारातून आणावे, तर पैशाची चणचण; आणि ही नौका तर शेकडो खिळ्यांवाचून उभी राहावयाची नाही. फुटक्या गलबताच्या कठड्यातून काही खिळे उपसून काढले. दारांच्या व झरोक्यांच्या बिजागऱ्याही कामास आल्या. गलबताच्या तळावर धातूचे पत्रे ठोकलेले होते. ते तेथील स्थानिक लोकांनी वितळवून त्यांचे खिळे ओतून दिले. शुद्ध तांब्याचे दहा किलो खिळे त्या लोकांकडून विकत घेतले. त्यांची किंमत कशी दिली, ऐका! एक किलो खिळ्यांना दोन किलो तांब्याची नाणी, असा व्यवहार ठरला. काही नाणी कापून, मध्ये भोक पाडून, खिळ्यांच्या टोकांखाली चकत्या म्हणून बसविली. लांब खिळ्यांचे कापलेले तुकडेही फेकले नाहीत. ते पुन्हा वितळवून त्यांचे नवे खिळे केले. ज्या नाण्याने मनुष्य वस्तू विकत घेतो, ते नाणेच येथे वस्तू झाले. पैशाची खरी किंमत त्याच्या उपयोगात असते, हे यावरून दिसून येत नाही काय?

नौकेचा आकार स्लोकम यांनी आठवणीतून आणि एका छायाचित्रातून ठरविला. अमेरिकेच्या केप ॲन किनाऱ्यावरील मच्छीमार ज्या होड्या वापरीत, त्या त्यांनी पाहिल्या होत्या. जपानी 'सांपान' होडीचे एक छायाचित्र त्यांच्यासमोर होते. शिडांची रचना मात्र चिनी पद्धतीची केली, कारण थोड्या माणसांना ती सांभाळण्यास सोपी. अशा रीतीने अमेरिका, जपान आणि चीन या तीन देशांतील नावाड्यांचे अनुभव ब्राझीलच्या किनाऱ्यावर एकत्र आले. नौकेच्या दोन्ही अंगांना जाड बांबू घट्ट बांधले. ती फार कलली तरी बांबूंमुळे उलटू नये, हा हेतू.

ही नौका होती तरी केवढी? लांबी ३५ फूट, रुंदी साडेसात फूट आणि खोली तीन फूट. हे आकडे नुसते वाचून सोडू नका. शाळेच्या पटांगणात चुन्याने ३५ फूट लांब आणि साडेसात फूट रुंद अशी आकृती आखा. तिच्या आत चौघांनी उभे राहा. आता त्या चौघांनी आपले अंथरूण, पांघरूण, पाणी, धान्य, दोर आणि शिडे त्याच जागेत ठेवावयाची आहेत, आणि भोवती चुन्याच्या रेघेऐवजी अटलांटिक महासागर आहे, अशी कल्पना करा. मग या तयारीचे मोल तुमच्या ध्यानी येईल.

या कामात प्रत्येकाचा वाटा होता. स्लोकम हे मुख्य सुतार. व्हिक्टर त्यांचा मदतनीस; सुतारकाम, दोर वळणे आणि पडेल ते काम तो करी. त्या जानेवारीत त्याला सोळा वर्षे पूर्ण झाली. गलबतावरील कप्तानाच्या मुलाचा किनाऱ्यावर एक कारागीर झाला. हेटीबाई शिवणकामात निपुण होत्या. शहरात ज्या हातांनी त्यांनी स्त्रियांचे पोशाख शिवले, त्याच हातांनी येथे जाड कापडाची शिडे शिवली. आपल्या पत्नीने शिवलेल्या शिडांची स्लोकम यांनी पुढे आपल्या पुस्तकात आवर्जून वाखाणणी केली आहे. गारफील्ड फार लहान. त्याच्या हाती कुऱ्हाड देता येण्यासारखी नव्हती. परंतु सहा-सात वर्षांच्या बालकाला या नौकेत न्यावयाचे आहे, ही जाणीव फळीच्या प्रत्येक सांध्यात असलीच पाहिजे. ज्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर असते, ते काही न करताही आपल्याकडून अधिक चांगले काम करवून घेतात.

१३ मे १८८८ रोजी नौका पाण्यात उतरली. तो दिवस ब्राझीलच्या इतिहासात अमर आहे. त्याच दिवशी राजकन्या इझाबेल यांनी गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि त्या देशातील लाखो गुलाम मुक्त झाले. स्लोकम यांनी आपल्या नौकेचे नाव ठेवले 'लिबरदादे'. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ 'स्वातंत्र्य' असा होतो. स्वतःच्या श्रमाने परावलंबनातून सुटू पाहणाऱ्या कुटुंबाला याहून समर्पक नाव कोठे मिळाले असते?

तरीही निघता येईना. परदेशी जाणाऱ्या नौकेला सरकारी परवाना लागतो, आणि असली विलक्षण नौका कोणत्या नियमात बसवावी, हे तेथील अधिकाऱ्यांना कळेना. अखेर एक तोड निघाली. बंदराच्या मुखाच्या आत आणि बाहेर मासे धरण्याचा परवाना या नौकेस देण्यात आला. 'बाहेर' म्हणजे किती बाहेर, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते!

मग शिधा भरण्यात आला. १२० पौंड जहाजी बिस्किटे, २५ पौंड पीठ, ३० पौंड साखर, ९ पौंड कॉफी, ३ पौंड चहा, १०० पौंड वाळविलेले मांस, काही खारवलेले मांस व सुके मासे, मधाच्या दोन बाटल्या, २०० संत्री, केळ्यांचे सहा घड, थोडे कंद, उसाची डझनभर कांडी आणि १२० गॅलन पाणी. औषधांच्या पेटीत मिरी आणि दालचिनी यांसारख्या वस्तू होत्या. या यादीकडे नीट पाहा. बिस्किटे आणि पाणी यांचे आकडे मोठे आहेत. जे टिकते ते अधिक, जे नासते ते आधी खाण्यापुरते, असा तिच्यामागील विचार आहे.

२४ जून १८८८ रोजी लिबरदादे बंदराबाहेर पडली. गलबत फुटल्यापासून जवळजवळ सहा महिने लोटले होते.

आणि काय आश्चर्य! प्रवासाच्या आरंभीच वादळाने गाठले आणि हेटीबाईंनी श्रमाने शिवलेली शिडे फाटून चिंध्या झाली. आपण कितीही तयारी केली तरी समुद्राला तिची भीड नसते. परंतु नौका टिकली. कशीबशी ती सांतोस बंदरास लागली. तेथून रिओ दि जानेरोकडे निघालेल्या एका आगबोटीने तिला दोराने बांधून ओढत नेले. हेटीबाई आणि गारफील्ड आगबोटीवर बसले, स्लोकम लहानग्या नौकेचे सुकाणू धरून राहिले आणि व्हिक्टर नौकेच्या टोकाशी हातात कुऱ्हाड घेऊन दक्ष बसला. नौका बुडू लागली तर क्षणात दोर तोडावयाचा, हे त्याचे काम. सोळा वर्षांच्या मुलावर एवढा विश्वास एका दिवसात बसत नाही. तो त्या सहा महिन्यांत, एकेक दोर वळताना, त्याने मिळविला होता.

रिओमध्ये नवीन शिडे चढली आणि प्रवास पुढे चालू झाला. वाटेत एका देवमाशाने नौकेच्या तळास अंग घासले, पण ती फुटली नाही. बाहिया, पेर्नांबुको, बार्बाडोस, प्वेर्तो रिको अशी ठिकाणे घेत २८ ऑक्टोबर १८८८ रोजी लिबरदादे अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यास पोहोचली. प्रत्यक्ष शीड उभारून चालण्याचे दिवस अवघे ५३. अंतर सुमारे साडेपाच हजार मैल. तेथून पुढे आतल्या जलमार्गांनी जाऊन २७ डिसेंबरला ती वॉशिंग्टन येथे दाखल झाली. एक वर्षापूर्वी याच सुमारास तिच्या निर्मात्यांचे सर्वस्व वाळूत रुतले होते.

स्लोकम यांनी १८९० साली या प्रवासाची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे १८९५ ते १८९८ या काळात त्यांनी 'स्प्रे' या छोट्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिलेच. जगाला त्यांचे नाव ठाऊक आहे ते या प्रदक्षिणेमुळे. व्हिक्टरही पुढे दर्यावर्दी झाला आणि १९५० साली त्याने आपल्या वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. हेटीबाईंनी मात्र अशा दीर्घ प्रवासाला पुन्हा पाऊल उचलले नाही. यात त्यांचा कमीपणा मुळीच नाही. भय वाटत असूनही ज्यांनी टाका टाक्याला जोडून शिडे शिवली आणि त्याच शिडांच्या भरवशावर महासागरात पाऊल टाकले, त्यांच्या धैर्याची बरोबरी करणे कठीणच.

कित्येकांना वाटेल, बालकाला घेऊन असा प्रवास करणे हा अविचार होता. हा प्रश्न खोटा नाही, आणि प्रत्येकाने तो आपल्या मनाशी सोडवावा. परंतु एवढे निश्चित, की अविचारी मनुष्य उठतो आणि निघतो. या कुटुंबाने निघण्यापूर्वी एक कानस सहा महिने जपली, खिळ्यांची कापलेली टोके वेचून ठेवली, आणि दोर ओढला जात असतानाही तो तोडण्याची कुऱ्हाड हाताशी ठेवली. धाडस आणि अविचार यांतील अंतर मोजावयाचे झाल्यास अशाच लहान वस्तूंनी मोजावे लागते.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) गलबत फुटल्यावर स्लोकम कुटुंबाजवळ कोणत्या तीन उपयुक्त वस्तू उरल्या? त्यांचा उपयोग कोणता?
(आ) कठीण लाकूड करवतीने न कापता कुऱ्हाडीने का तासले?
(इ) नौकेचे नाव 'लिबरदादे' का ठेवले?

२. कारणे द्या.
(अ) नौकेच्या तळाला जड व वरच्या बाजूंना हलके लाकूड लावले.
(आ) व्हिक्टर हातात कुऱ्हाड घेऊन नौकेच्या टोकाशी बसला.

३. 'पेरूच्या फांदीचा वाकडेपणाच उपयोगी पडला.' या वाक्यातील विचार तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. वाक्यात उपयोग करा : हात पसरणे, शोक आवरणे, तोड निघणे, भीड नसणे.

५. पुढील वाक्याचा काळ ओळखा व ते भविष्यकाळी लिहा : 'स्लोकम यांनी मोडके गलबत विकले.'

६. निबंध लिहा : तुमच्या घरातील एखाद्या मोठ्या कार्याची किंवा प्रवासाची तयारी. प्रत्येकाने केलेल्या कामाचे वर्णन त्यात यावे.